नव्या भुईवरची पावलं

आमच्या घरात देवी येऊन गेली ही बातमी गावभर केली ती मीच, आणि ती देवी नव्हती हे सगळ्यांत आधी समजलं तेही मलाच. या दोन्ही कामांबद्दल मला आजवर कुणी शाबासकी दिलेली नाही. पोरं अजूनही म्हणतात, "आई, ते पावलांचं सांग ना," आणि मी दर वेळी थोडा मीठमसाला वाढवून सांगते. आज लिहायलाच बसले आहे, तर जसं झालं तसं लिहिते. तेव्हा मी पंचविशीत होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

गाव आमचं सुलतानपूरपासून दोन कोसांवर. घर मातीचं, धाब्याचं. पुढं ओसरी, मध्ये माजघर, मागं चूल. त्या श्रावणात धाबं गळलं आणि माजघराची भुई उखडली. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या त्या याच खोलीत, म्हणून ह्यांनी माती-मुरूम आणून टाकला आणि मी नवी भुई घातली. चोपण्यानं चोपली, वर शेणाचा हात फिरवला. पावसाळी हवेत अशी भुई वाळायला बरेच दिवस घेते, आणि तोवर तिच्यावर पाय ठेवायचा नसतो. भिंतीकडेनं हातभर जुनी भुई राखून ठेवली होती, तिच्यावरून आम्ही चुलीकडे जात-येत होतो.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांसकट सगळे निंदणाला गेले. घरी फक्त सासूबाई. साठी कधीच ओलांडलेल्या, अंगानं काटकुळ्या, ओसरीवरच्या खाटेवर बसून सुपातली डाळ निवडत होत्या. मी भरदुपारी भाकरी न्यायला परत आले. सासूबाई आडव्या झालेल्या, डोळे मिटलेले. अंगणात कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. मी माजघराचं दार लोटलं आणि उंबऱ्यावरच थांबले.

ओल्या भुईवर पावलं होती.

उंबऱ्यापासून सरळ समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ज्या कोपऱ्यात दरवर्षी महालक्ष्म्या बसतात, त्याच कोपऱ्यात जाऊन ती संपली होती. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं. पावलं लहानशी, बाईची, पण टाच अशी खोल रुतलेली, की एवढ्याशा पायावर एवढा भार आला कुठून हे कळेना. आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली जोडव्याची बारीक रेघ.

आता जोडवी तर गावातली प्रत्येक सवाष्ण घालते. माझ्याही पायात होती. पण त्या घटकेला मला एवढंच सुचलं, की जोडवी घातलेली, अंगानं भारदस्त, कोपऱ्यात जाऊन नाहीशी झालेली बाई म्हणजे कोण? मी जी किंकाळी फोडली ती म्हणे विहिरीवर ऐकू गेली.

"काय झालं व?" सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या.

"आत्याबाई, लक्ष्मी आली! पंधरा दिवस आधीच आली!"

घटकाभरात आळीतल्या बाया जमल्या. कुणी हळदीकुंकू आणलं, कुणी दिवा. भिंतीकडच्या पट्टीवरून एकेक जण जाऊन पावलांवर कुंकू वाहून आली. सासूबाईही दारापर्यंत आल्या आणि त्यांनी नमस्कार केला. एकाच हातानं. दुसऱ्या हातानं त्यांनी चौकट धरली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचा काडीचा उपयोग केला नाही, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पावलं उमटली. आधीच्या कुंकवाशेजारून दुसरी ओळ. या खेपेला ती जास्त जवळजवळ होती. त्यानंतर दोन दिवसांनी आणखी एक ओळ, आणि तिच्यात उजव्या पावलाच्या पुढं प्रत्येक वेळी एक लांबट ओरखडा, पाय उचललाच नाही असा. बाया पुन्हा आल्या, पण दिवा कुणी आणला नाही. शेजारीण पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माय व! देवी कदी पाय फरफटत चालते का?"

बाया उंबऱ्यावरूनच मागं फिरल्या. कुंकू वाहायचं थांबलं. मला त्या खोलीतून चुलीकडे जाताना पाठीला गार लागायला लागलं. भाकऱ्या थापताना मी तोंड दाराकडे करून बसायची, त्यामुळे पाठ चुलीकडे व्हायची आणि भाकऱ्या करपायच्या. नवरा म्हणाला, "लक्ष्मी आली तशी भाकर बिघडून राह्यली." सासूबाई हसल्या नाहीत. त्या नुसत्या म्हणाल्या, "पुसून टाक ते. हात फिरव वरून."

मी हात फिरवला. दोन दिवसांनी पावलं परत आली.

आमच्या गावचा जागल्या म्हातारा होता. कमरेच्या पट्ट्यावर सरकारी पितळी बिल्ला, हातात काठी. चोराचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मेहकरच्या कचेरीत त्याची साक्ष झाली, की वकील त्याला फार प्रश्न विचारत नसत असं गावात सांगायचे. तो आमच्या ओट्याच्या खाली उभा राहायचा, वर यायची रीत नव्हती. ती रीत वाईट आहे असं आमच्या घरात तेव्हा कुणालाही वाटत नव्हतं, मला धरून. मी त्याला खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मले तं आत येता येत नाही माय. तूच माहे डोळे हो. एक तुराटी घे. टाचेपासून टाचेलोक मोज, आन जिथं टाच आली तिथं विळ्यानं खाच पाड. दर पावलाले येक खाच. दर खेपेले काडीच्या येकाच टोकापासून मोजजो."

मी सरपणातली तुरीची वाळकी काडी घेऊन भिंतीकडेनं आत गेले, ओणवी झाले आणि मोजायला लागले. बाहेर तो ऊन खात उभा, आत मी त्या पावलांच्या शेजारी हात टेकून. एकदा वाटलं, आता माझ्या हाताशेजारी नवं पाऊल उमटेल. उमटलं नाही. तुराटी मात्र खाचांनी भरली आणि मी बाहेर येऊन ती त्याच्यापुढं ओट्यावर ठेवली.

त्यानं ती उचलली, अंगठा खाचांवरून फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला.

"बाबा, कोण हाये?"

"कोन हाये ते तुले ठाऊक असंन. मी येवढंच सांगतो, हे पाऊल देवीचं नाही आन भुताचं बी नाही. हे मानूस पडनार."

"पडणार म्हंजे?"

"पडनार म्हंजे पडनार. धपकन." त्यानं तुराटी माझ्या डोळ्यांपुढं धरली. "मी चोराच्या मागं निंघतो ना, तवा मी त्याचा पाय नाही पाहत, त्याची चाल पाहतो. हळू चालते म्हनून मानूस पडत नाही. बैल हळू चालते, पडते का? पन ह्या खाचा पाहाय. चाल सारखी असती तं साऱ्या येकाच जागी पडल्या असत्या. ही लांब, ही आखूड, ही त्याच्याहून आखूड. येकीसारखी दुसरी नाही. ज्याची चाल अशी बदलते, त्याच्या पायाले आता त्याचं ऐकू येत नाही. असा चोर मी पळू देतो. पुढच्या नाल्यात आपोआप सापडते."

"किती दिवसांत?"

"पंधरा रोज. कमीच धर. आन हे मानूस हातात वज्जन घेऊन चालून राह्यलं, टाच सांगते."

तो गेला. मी ओट्यावर तुराटी धरून बसून राहिले. मागल्याच वर्षी शेजारचा म्हातारा गोठ्यात घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं, खाटेवर आला, आणि दिवाळीचा दिवा त्यानं पाहिला नाही. आमच्याकडे म्हातारं माणूस आजारानं कमी आणि पडून जास्त जायचं. सासूबाई खाटेवर डाळ निवडत होत्या. त्यांचे पाय खाटेखाली लोंबत होते, लहानसे, भेगाळलेले. वर्षाला दहा वेळा मी त्या पायांवर डोकं ठेवत आले होते, पण पाया पडताना पाय कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी मी निंदणाला निघाले आणि बांधावरून माघारी फिरले. मागच्या दारानं आत येऊन कणगीच्या आड उभी राहिले. घर इतकं शांत होतं की कणगीतल्या ज्वारीत काहीतरी कुरतडल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग ओसरीवरची खाट करकरली.

सासूबाई दारात आल्या. पदराची खोळ करून दोन्ही हातांनी त्यांनी काहीतरी छातीशी धरलं होतं, तान्हं मूल धरावं तसं. त्या त्याच्याकडे बघत होत्या, ओठ हलत होते. उंबरा ओलांडायला त्यांना किती वेळ लागला! उजवा पाय उचलायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. मग त्या ओल्या भुईवर उतरल्या आणि कोपऱ्याकडे चालू लागल्या. एक पाऊल. थांबणं. दोन झटपट, जणू मागून कुणी ढकललं. मग पुन्हा थांबणं. मध्येच सगळं अंग एका अंगाला झुकलं, आणि माझ्या तोंडातून आवाज येता येता राहिला. कोपऱ्यात पोचल्यावर त्यांनी ते तान्हं भिंतीशी टेकवलं. पदर सुटला. पाट्यावरचा वरवंटा होता.

त्यांनी वळून आपल्याच पावलांकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिल्या. पाहून झाल्यावर वरवंटा काखोटीला मारून, भिंतीला हात लावून, जुन्या पट्टीवरून त्या परत निघाल्या आणि कणगीशी येऊन म्हणाल्या, "निंघ बाहेर. तुह्या बांगड्या वाजून राह्यल्या."

मी बाहेर आले. आल्या आल्या रडले. मला तेव्हा हा एक गुण होता.

"रडते कायले? मी मेली का?"

"आत्याबाई, वरवंटा कायले?"

"मुखवट्याएवढं वज्जन हाये त्याचं." त्या खाटेवर बसल्या. "गेल्या साली जेष्ठा आत नेताना माहा पाय उंबऱ्यात अडकला. कोनाले दिसलं नाही. मले दिसलं. मुखवटा हातातून सुटला असता तं? म्हनून चालून पाहते. कोरड्या भुईवर मले समजत नाही कशी चालते ते. ओलीवर दिसते."

"मंग पुसून टाकायचं."

"वाकून पुसता येत असतं तं हे करावं लागलं असतं का? तू आली, ते लक्ष्मी लक्ष्मी केलं. साऱ्या गावाले बोलावलं. मंग मी काय सांगू, हे माहे पाय हायेत म्हनून? कुकू वाह्यलं व माह्या पायांवर लोकाईनं."

मी म्हटलं, यंदा मुखवटा दुसरं कुणी नेईल. हे म्हणताना मला कळलं, की दुसरं कुणी म्हणजे मीच. घरातली मोठी सून मी. मला तो मान नको होता असं लिहिलं तर खोटं होईल. थोडा हवाच होता.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला भुई फाटावी वाटलं. "हाव. आता तूच ने. आन मले कणगीमागं ठेव." मग आवाज उतरला. "आनखी येक साल नेऊ दे मले. कोनाले सांगू नको. तुह्या नवऱ्याले बी."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी मानासाठी सासूला खाटेवर बसवलं असं झालं असतं. नाही सांगितलं आणि त्या पडल्या, तर ते माझ्या डोक्यावर. पंधरा दिवसांतले पाच गेले होते. त्यांनी उठायचं म्हटलं की मी पाणी, तांब्या, डाळ, सगळं आधीच नेऊन द्यायची. त्या म्हणायच्या, "सावली बी इतकी मागं येत नाही."

आणि मग एका दुपारी ती तुराटी हातात घेऊन बसले असताना मला सुचलं. चाल बदलते म्हणून माणूस पडतं, तर चाल बदलू द्यायची नाही. महालक्ष्म्या येतात तेव्हा तुळशीपासून कोपऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठानं पावलं काढायची असतात. मूठ वळून पिठात बुडवायची, भुईवर टेकवायची, वर बोटांचे पाच ठिपके द्यायचे. हे काम माझं. ती पावलं किती अंतरावर काढायची हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी जुन्या तुराटीवरचं सासूबाईंचं बरं पाऊल निवडलं, ना लांब ना आखूड, आणि त्या मापाची नवी काडी तोडली.

महालक्ष्म्यांच्या दिवशी भुई खणखणीत वाळली होती. देऊळघाटला दिलेली नणंद आदल्या दिवशीच आली होती. धाकटा मुखवटा ती नेणार होती. मी काडी टेकवत पावलं काढत होते, तिनं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

"वहिनी, लक्ष्मी बुटकी हाये का व? येवढाली जवळजवळ पावलं?"

"दूरून चालून येते. थकत असंन."

"आन हे काडीनं मोजून?"

"पटवाऱ्याची लेक हाय मी," मी म्हटलं. माझे वडील पटवारी नव्हते, ते तेल गाळायचे.

थाळी वाजायला लागली. सासूबाईंनी अंगणातल्या तुळशीपाशी ज्येष्ठेचा पितळी मुखवटा हातात घेतला. मी जवळ जाऊन कानात म्हटलं, "आत्याबाई, कोपऱ्याकडे पाहू नका. लोकाईकडे पाहू नका. फक्त पांढऱ्यावर पाय."

त्या निघाल्या. डावा पांढऱ्यावर. उजवा पांढऱ्यावर. मी थाळी वाजवायची विसरले. ती चाल त्यांची नव्हती. एकसारखी, घडवल्यासारखी, दर पावलाला तेवढंच अंतर आणि तेवढाच वेळ. मुखवट्याचे डोळे पुढं आणि सासूबाईंचे खाली, असं वाटत होतं की चालणारी दुसरीच कुणी आहे आणि सासूबाई तिच्यामागून नुसत्या येताहेत. बायांच्या बोलण्याचा आवाज हळूहळू बंद झाला. उंबरा आला. त्यावरही मी एक पाऊल काढलं होतं. उजवा पाय वर आला, पांढऱ्यावर टेकला, आणि ओलांडला. कोपऱ्यात पोचून त्यांनी मुखवटा कोठीवर बसवला. मागून नणंदेनं दुसरा बसवला.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि तेव्हा मला माझी चूक दिसली.

सासूबाई वळल्या. हात रिकामे. पुढं बाया दाटीवाटीनं बसलेल्या, भिंतीकडची वाट भरून गेलेली. मधे होती ती पावलं सगळी त्यांच्याकडे येणारी, बोटं त्यांच्या दिशेला. त्यांनी उजवा पाय उचलला. तो तिथंच राहिला. भुईपासून चार बोटं वर, थरथरत, पुढंही जाईना, खालीही येईना. अख्खं अंग त्या एका पायामागं अडलं होतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बाया बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "अंगात आली वाटते." दोघीतिघींनी हात जोडले.

मी पिठाची वाटी घेतली आणि त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले. मूठ बुडवली, टेकवली, बोटं दाराकडे करून पाच ठिपके दिले. दाराकडे जाणारं पाऊल.

"वहिनी!" नणंद ओरडली. "काय करून राह्यली? लक्ष्मीले घराबाहेर काढते का? येड लागलं का तुले?"

मी दुसरं काढलं. मापाची काडी मोरीपाशी राहिली होती, ते अंतर आता माझ्या हातालाच पाठ झालं होतं. माझ्या कानाशी सासूबाईंचा पाय हळूच खाली आला, पहिल्या पांढऱ्यावर. मी मागं सरकत एकेक पाऊल काढत गेले आणि त्या माझ्यावर चालून येत राहिल्या. नणंद रडायला लागली होती. एक बाई उठून निघून गेली. उंबरा, ओसरी, आणि खाट. त्या बसल्या तेव्हा माझे दोन्ही गुडघे सोलले होते.

लक्ष्मी बाहेर काढणारी सून म्हणून माझं नाव झालं ते झालं. त्या हिवाळ्यात म्हैस आटली, ती माझ्यामुळे. ज्वारीवर काणी पडली, तीही. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं, त्याचं मात्र माझ्यावर आलं नाही, ते आधीपासूनचं होतं.

महालक्ष्म्या उठल्या त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "मोरीलोक काढ पावलं. आन अंगणात, तुळशीलोक. पीठ कायले नासवते, चुन्यानं काढ." मी काढली. मग गोठ्यापर्यंत, मग विहिरीच्या वाटेला लागेपर्यंत. जायची आणि यायची, शेजारी शेजारी. आठवड्यानं एकदा मी ती उजळायची. घरात पाऊल ठेवणारा माणूस दचकायचा. घरभर पांढरी पावलं, सगळी एकाच अंतरावर, भिंतीपाशी वळलेली, आणि त्यांवर चालणारं कुणी नाही. मेहकरहून कासार बांगड्या घेऊन आला, त्यानं ओसरीवरून आत एकदा पाहिलं, आणि बांगड्या भरायच्या राहिल्याच, पेटी उचलून चालता झाला. सासूबाई त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जागल्यानं सांगितलेला पंधरावा दिवस मी त्यांच्या पायांकडे बघत काढला. त्या सकाळी मोरीला गेल्या, आल्या. तुळशीला गेल्या, आल्या. दुपारी गोठ्यापर्यंत एकट्याच गेल्या आणि मी दाराआडून श्वास धरून उभी. परत येऊन खाटेवर बसल्या, पाय वर घेतले, आणि मला हाक मारली.

"सूनबाई, उद्यापासून येक बोट वाढव. येवढ्या जवळजवळ पावलांनी मले मुंगीसारखं वाटते."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चुन्याची वाटी घेऊन बसले, काडी टेकवली, आणि खूप वेळ विचार करून अर्धं बोट वाढवलं.